मनगटावरचा आकडा

गिरिजाच्या मनगटावरचा आकडा नऊ महिन्यांत एकदाही खाली आला नव्हता. मन्मथ बिडवेंना खटकलं ते एवढंच.

दुसऱ्या कुणाला ते खटकलं नसतं. पण मन्मथ लातूरच्या वैधमापन कार्यालयात निरीक्षक होते. बावीस वर्षं त्यांनी आडत बाजारातले काटे, पेट्रोल पंपांवरची मापं आणि सोनारांचे तराजू तपासले होते. खरा काटा कसा वागतो ते त्यांना बघताक्षणी कळायचं. खरा काटा थोडा डळमळतो. सकाळी एक सांगतो, दुपारच्या उन्हात ग्रॅमभर वेगळं सांगतो. जो काटा कायम एकाच बाजूला झुकतो, त्याच्या पोटात कुणीतरी हात घातलेला असतो.

आणि हा आकडा फक्त वर जात होता. बावीस, तीस, पंचेचाळीस, एकसष्ट, अठ्ठ्याहत्तर. ऑगस्टमध्ये गिरिजाला तीन दिवस ताप होता, पेला धरवत नव्हता, तेव्हासुद्धा तो एकाने वाढला होता.

त्यांची मुलगी गिरिजा चौदा वर्षांची. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी तिची कावीळ वाढली, उपचारांना उशीर झाला, आणि मेंदूच्या आत खोलवर जो भाग हालचालींना लगाम घालतो त्याला इजा झाली. बुद्धीला काही झालं नाही. गणितात ती वर्गात पहिल्या तिघांत असे. पण पेला उचलायचा म्हटलं की मेंदूतून एका बरोबर हुकुमासोबत दहा नको असलेले हुकूम निघत. हात पेल्याकडे जाता जाता वर उडे, मनगट वळे, बोटं फाकत. बोलतानाही तसंच, एकेक शब्द ओठांशी झटापट करून बाहेर येई. तेरा वर्षांची होईपर्यंत तिला आईने भरवलं.

मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं उपकेंद्र लातुरात आलं आणि साथबाही आली. खांद्यापासून मनगटापर्यंत घालायच्या दोन पातळ राखाडी बाह्या, पाठीवर एका पट्टीने जोडलेल्या. पट्टीत बॅटरी. बाहीच्या आत चारशे बारीक ठिपके. ते स्नायूंमधली वीज सेकंदाला दोन हजार वेळा वाचत. त्यातला हेतूचा संदेश कोणता आणि भरकटलेला कोणता, हे बाहीतली चिप गिरिजाच्या सवयींवरून ओळखायला शिकली होती. हात उजवीकडे उडणार असं दिसलं की ती त्याच क्षणी विरुद्ध बाजूच्या स्नायूला हलका विजेचा टोला देई आणि हात वाटेवर राही. कल्पना अशी की, हेतू आणि हालचाल हजारो वेळा जुळली की मेंदू स्वतःच नवी वाट पाडतो. बाहीचं काम कमी होत जातं, माणसाचं वाढत जातं. किती वाढलं ते मनगटावरच्या पट्टीवर दिसे. त्याला केंद्रात ‘स्ववाटा’ म्हणत. अठ्ठ्याहत्तर म्हणजे शंभरातलं अठ्ठ्याहत्तर काम गिरिजाचं, बावीस बाहीचं.

आकडा अठ्ठ्याहत्तर झाला त्या रविवारी तिने पहिल्यांदा एकटीने पिठलं केलं. मोहरी तडतडली, लसूण पडला, पाण्याला उकळी आली. मग एका हाताने डाळीचं पीठ पेरत दुसऱ्या हाताने डाव फिरवायचा, हे तिने आईकडून महिनाभर शिकून घेतलं होतं. तिची आई राजश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शिकवण्यात ती कुचराई करत नसे. ताटं वाढल्यावर गिरिजाने मनगट वर धरून दोघांना आकडा दाखवला.

“छान झालंय,” मन्मथ म्हणाले. त्यांची नजर आकड्यावर होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी डायरी काढली. कुठलंही यंत्र घरात आलं की पहिल्या आठवड्याच्या नोंदी ठेवायची त्यांची सवय होती. त्यात लिहिलं होतं: बॅटरी सलग कामाला दोन तास चाळीस मिनिटं पुरते.

हिशोब सरळ होता. बॅटरी खर्च होते ती बाहीच्या टोल्यांवर. सुरुवातीला बाहीचं काम अठ्ठ्याहत्तर होतं, आता बावीस. म्हणजे तीच बॅटरी साडेतीनपट, सुमारे साडेनऊ तास पुरायला हवी. त्यांनी आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं. साडेतीन तास. बॅटरी जुनी झाली असेल म्हणून केंद्रातून नवी मागवली. साडेतीन तास आणि चार मिनिटं.

“अप्पा,” गिरिजा कणीक मळता मळता म्हणाली, “तुम्ही माझ्यावर. घड्याळ का लावता?”

“तुझ्यावर नाही गं. बॅटरीवर.”

तिने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. विश्वास बसलेला दिसला नाही.

साथबाहीच्या अभ्यासाचं काम डॉ. फरहाना मणियार बघत. पन्नाशीच्या, मृदू बोलणाऱ्या बाई. गिरिजाशी बोलताना त्या तिचं वाक्य कधी मध्येच पूर्ण करत नसत, म्हणून मन्मथना त्या आवडत. त्यांनी मन्मथची डायरी नीट वाचली. मग उठून खोलीचं दार लावलं.

“बिडवेसाहेब, तुमच्याआधी हे कुणी शोधून काढलं नव्हतं.”

“म्हणजे आकडा खोटा आहे.”

“वाढवलेला आहे. पहिले पंधरा दिवस खरा दाखवतो. त्यानंतर हळूहळू वर नेतो.”

“खरा किती आहे?”

“एक्केचाळीस. दोन्ही हातांची सरासरी.”

मन्मथनी आकडा डायरीत लिहून घेतला. डॉक्टरांनी पुढे सांगितलं. पहिल्या तुकडीतल्या मुलांना खरा आकडा दाखवला होता. तो कधी वर जाई, कधी खाली. खाली गेला की मुलं खचत, प्रयत्न सोडत, हात पुन्हा बाहीच्या भरवशावर टाकत. त्यांची सरासरी पंचविसाला अडकली. दुसऱ्या तुकडीला चढता आकडा दाखवला, तेव्हा तीच बाही आणि तेवढेच महिने असूनही सरासरी चाळिसाला पोचली. हे मीच करतोय असं मेंदूला पक्कं वाटलं की नवी वाट पाडणारं रसायन जास्त सुटतं. वाटणं हाच उपचाराचा अर्धा भाग.

“हे सांगायला हवं होतं.”

“सांगितलं की ते चालत नाही. पण संमतिपत्रात आहे. पान चौदा. ‘दर्शवलेली माहिती उपचाराच्या गरजेनुसार समायोजित केली जाऊ शकते.’ तुमची सही आहे.”

सही त्यांचीच होती. दुकानदाराच्या परवान्यावरचं बारीक टाइपातलं कलमही न सोडणारा हा माणूस त्या दिवशी पानं उलटत गेला होता, कारण शेजारी गिरिजा पहिल्यांदा बाही घालून पेल्यातलं पाणी पीत होती.

“अजून तीन महिने आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला कळलं तर कमावलेलं जाऊ शकतं. मी विनंती करते, बाकी काही नाही.”

मन्मथ घरी आले आणि गप्प बसले. आडत्याकडे काट्यात चारशे ग्रॅमचा फरक निघाला असता, तर त्यांनी जागच्या जागी काटा सील केला असता. इथे जवळजवळ दुपटीचा फरक होता. पण काट्याने खोटं बोलून कुणाचा हात सुधारलाय, असं बावीस वर्षांत त्यांनी पाहिलं नव्हतं.

गप्प बसणं त्यांना जमेना. गिरिजा स्वयंपाकघरात गेली की ते दारात जाऊन उभे राहत. ती पाठमोरी झाली की शेगडीची आच कमी करत. मोठी सुरी त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिली. ‘मी करते’ असं ती म्हणाली की त्यांना ते ऐकवत नसे, आणि ते ऐकवत नाही हे चेहऱ्यावर दिसे. गिरिजा त्यांच्यासमोर काम करेनाशी झाली. ते ऑफिसला जाईपर्यंत थांबायची.

“तुम्ही तिच्या मध्ये मध्ये का करता?” राजश्रीने एका सकाळी विचारलं. “पोरीला वाटतंय तुमचा तिच्यावर भरवसा नाही.”

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. राजश्री डबा भरत होती. ती भरतच राहिली.

“पान चौदा,” ती म्हणाली. “मी वाचलं होतं.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच. काय करतील त्याचा अंदाज आला होता मला. तेरा वर्षं भरवलंय मी तिला. तिच्या हातात चमचा धरवणार असतील तर धरवू दे, काय दाखवायचं ते दाखवू दे, म्हटलं.” तिने डब्याचं झाकण दाबलं. “आणि तुम्ही तिला सांगणार नाही.”

मन्मथ इतके दिवस त्या आकड्याकडे संशयाने बघत आले होते. आता ते बायकोकडे बघत राहिले. आणखी काय काय हिने वाचून ठेवलंय, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

अठरा दिवस असे गेले.

शनिवारी गिरिजाची शाळा अर्धा दिवस असे. त्या शनिवारी मन्मथ गंजगोलाईच्या बाजारात तपासणीला गेले होते. एक फाइल घरी राहिली म्हणून दुपारी बाराला परत आले. दार उघडलं तर बाह्या जेवणाच्या टेबलावर पडलेल्या होत्या. पट्टीचा खांद्याजवळचा चाप दातांनी ओढून काढलेला, त्यावर ओल होती.

गिरिजा ओट्याशी उभी होती. कढईत पाणी उकळत होतं. डाव्या मुठीत पीठ, उजव्या हातात डाव. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. तिने मूठ कढईवर नेली, आणि उजवा हात उडाला. डाव कढईच्या काठावर आदळला, कढई कलली, उकळतं पाणी ओट्यावरून खाली आलं. मन्मथनी तिला मागे खेचलं. तरी डाव्या मनगटावर थोडं पाणी पडलंच.

त्यांनी शेगडी बंद केली, तिचा हात नळाखाली धरला. तीन बोटं रुंदीची कातडी लाल झाली होती.

“बाही का काढली गिरू?”

“अठ्ठ्याहत्तर,” ती म्हणाली. तिला रडू येत नव्हतं, ती चक्रावलेली होती. “बावीसच. राहिले होते. बावीस कमी. तर थोडं सांडेल. एवढं नाही.”

तिने आकड्यावर विसंबून नीट विचार केला होता. गणितात चूक नव्हती. मन्मथ नळाचं पाणी वाहू देत उभे राहिले आणि मग त्यांनी सांगितलं.

“तो आकडा खोटा आहे.”

“किती?” तिने विचारलं.

“एक्केचाळीस.”

“तुम्हाला. कधीपासून माहीत?”

“अठरा दिवस.”

“आईला?”

मन्मथ थांबले. तेवढ्यावरून तिला कळलं.

तिने हात नळाखालून काढून घेतला. मग म्हणाली, “त्या रविवारी. पिठलं छान झालं म्हणालात. ते?”

आता खोटं बोलून चालणार नव्हतं. “खारट होतं.”

“मलापण. खारट लागलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझी जीभ.”

त्यानंतर अकरा दिवस तिने बाही घातली नाही. भांडली नाही, जेवणही टाकलं नाही. फक्त कुणी काही चांगलं म्हटलं की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. शाळेत गणिताच्या सरांनी पाठ थोपटली, तर घरी येऊन तिने पेपर स्वतः पुन्हा तपासला. राजश्री तिला भरवायला बसली तेव्हा तिने तोंड उघडलं, पण नजर भिंतीवर होती. चौथ्या दिवशी राजश्रीने घास ताटात ठेवला आणि उठून गॅलरीत गेली. मन्मथशी राजश्री फारसं बोलत नव्हती. तुम्हीच हे केलंत, असं ती म्हणाली नाही, पण त्यांना ते ऐकू येत होतं. डॉक्टरांचं भाकीत खरं ठरताना दिसत होतं.

बाराव्या दिवशी गिरिजा म्हणाली, “मला केंद्रात. न्या.”

डॉ. मणियारांसमोर तिने आपलं म्हणणं मांडायला पंधरा मिनिटं घेतली. कुणी मध्ये बोललं नाही. तिला बाही हवी होती, आणि खरा आकडा.

“मग तुझी माहिती अभ्यासात धरता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“नका धरू.”

“आणि तो खाली जाईल, गिरिजा. पहिल्याच दिवशी जाईल.”

“जाऊ दे.”

डॉक्टरांनी अभ्यासाच्या यादीतून तिचं नाव खोडलं. मग म्हणाल्या, “अभ्यास संपेपर्यंत बाह्या तुझ्याकडे राहतील. पुढचं माझ्या हातात नाही.” त्यांनी यंत्राला जोडून सेटिंग बदललं. मनगटावर दोन आकडे उमटले. उजवा एकोणीस, डावा चव्वेचाळीस.

गिरिजाने आधी आकडे पाहिले, मग डॉक्टरांना पाहिलं. “हे खरे. कशावरून?”

डॉक्टरांनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. तिथेही तेच आकडे होते. तेवढ्याने गिरिजाला पटणार नव्हतं.

“मी दाखवतो,” मन्मथ म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तिला बॅटरीचा हिशोब शिकवला. तिने तो त्यांच्याहून लवकर समजून घेतला, आणि त्यांच्या आकडेमोडीत एक गोष्ट राहून गेली होती तीही काढली: बाही नुसती घालून बसलं तरी थोडी बॅटरी जाते, ती आधी मोजून वजा करायला हवी. आठवडाभर तिने स्वतः नोंदी ठेवल्या. मन्मथना वही बघू दिली नाही. आठव्या दिवशी बाही चढवून घेताना म्हणाली, “जुळतंय.” तेवढंच.

पुढचे दोन महिने आकडे खाली-वर होत राहिले. उजवा तेवीस, एकवीस, सव्वीस, पुन्हा बावीस. खाली गेला की ती चिडायची, एकदा तर तिने पोळपाट ढकलून दिला. पण या आकड्यांतून तिला एक गोष्ट दिसली, जी आधीच्या एका गुळगुळीत आकड्यात कधीच दिसली नसती. तिचा डावा हात उजव्याहून दुपटीने तिचा होता. सगळे तिला लहानपणापासून उजव्या हातानेच करायला लावत आले होते. अवघड कामं उजव्याला आणि सोपी डाव्याला, आणि तिनेही ते कधी तपासलं नव्हतं.

तिने डाव डाव्या हातात घेतला. पीठ पेरणं सोडून दिलं. उजव्याला ते जमणार नाही हे आता माहीत होतं. डाळीचं पीठ थंड पाण्यात बाटलीत घालायचं, झाकण लावायचं आणि उजव्या हाताला हवं तसं उडू द्यायचं. जेवढा हात उडेल तेवढं पीठ चांगलं मिसळे.

“अगं, असं नसतं करत पिठलं,” राजश्री म्हणाली.

“माझं असंच.”

ओटाही तिने नाकारला. इंडक्शनची शेगडी जमिनीवर, जड बुडाचं पातेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन विटा. मन्मथनी विटा आणून दिल्या. किती उंचीच्या आणि कुठे ठेवायच्या ते तिने ठरवलं.

अभ्यास संपला त्या दिवशी उजवा सत्तावीस होता, डावा अठ्ठावन्न. बाह्या परत घेताना डॉ. मणियार म्हणाल्या, “मला वाटलं होतं तसं झालं नाही. पण एका मुलीवरून मी काही म्हणू शकत नाही.” मग त्यांनी मन्मथना बाजूला घेऊन सांगितलं की उरलेल्या मुलांना खरा आकडा हवा का, हे त्यांनाच विचारावं असं पत्र त्यांनी पुण्याला पाठवलंय. उत्तर आलेलं नाही. पत्र खरंच पाठवलं का, असा प्रश्न मन्मथच्या ओठांवर आला. त्यांनी तो विचारला नाही. आठवड्याने पुन्हा येऊन पत्राची प्रत मागायची, असं मनात ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गिरिजा बाहीशिवाय स्वयंपाकघरात गेली. सकाळचे अकरा वाजले होते.

“अप्पा, तुम्ही बाहेर बसा. आई, तूपण.”

“दार उघडं राहू दे,” राजश्री म्हणाली.

“नको.”

दार लागलं. दोघं बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या दोन टोकांना बसले. कित्येक आठवड्यांत ते असे नुसते एकत्र बसले नव्हते. आतून बाटली हलवल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मग मोहरी तडतडली. मग लसणाचा वास. मन्मथचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं, त्यांनी मान फिरवली. राजश्री साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

आत काहीतरी जोरात पडलं. धातूचं. नंतर फरशीवर काहीतरी गडगडत गेलं आणि थांबलं.

राजश्री अर्धी उठली. मन्मथ उठले नाहीत.

“गिरू?” राजश्रीने हाक मारली.

मग गिरिजाचा आवाज आला, नेहमीसारखा तुटक.

“काही नाही. झालं.”

राजश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. ‘काही नाही झालं’ असं म्हणाली की ‘झालं’, म्हणजे पिठलं तयार झालं, असं म्हणाली, ते कळत नव्हतं. खरं सांगतेय की त्यांनी आत येऊ नये म्हणून सांगतेय, हे दाराच्या या बाजूने कळायला काही मार्ग नव्हता.

राजश्री सावकाश खाली बसली. दाराच्या फटीतून वाफ येत होती.